साचॉनच्या आकाशातील टक्कर : एका प्रशिक्षण अपघाताचा प्रकरण अभ्यास

दक्षिण कोरियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, राजधानी सोलपासून सुमारे ३०० किलोमीटरवर, साचॉन नावाचे शहर आहे. तेथील तळावर कोरियन हवाई दलाच्या भावी वैमानिकांना मूलभूत उड्डाण प्रशिक्षण दिले जाते. शुक्रवार, १ एप्रिल २०२२ रोजी दुपारी १ वाजून ३२ मिनिटांच्या सुमारास या तळावरून केटी-१ जातीच्या प्रशिक्षण विमानांनी उड्डाण केले आणि अवघ्या पाच मिनिटांत, तळाच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर, त्यांतील दोन विमाने एकमेकांवर आदळून कोसळली. प्रत्येक विमानात एक विद्यार्थी वैमानिक आणि एक प्रशिक्षक होता. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आपत्कालीन आसनांच्या साहाय्याने बाहेर पडण्याचा प्रयत्न झाला, तरीही चौघांपैकी कोणीही वाचले नाही. विद्यार्थी हे हवाई दलातील तरुण लेफ्टनंट होते, तर प्रशिक्षक हे लष्करी सेवेतून निवृत्त झाल्यावर नागरी कर्मचारी म्हणून पुन्हा शिकवण्याच्या कामावर आलेले, दीर्घ अनुभवाचे वैमानिक होते. या अपघाताचा विचार करताना अनुभवाची ही बाब मनात धरून ठेवावी लागते, कारण ‘नवशिक्यांची चूक’ असे म्हणून हे प्रकरण मिटवता येत नाही.

नाशिकमध्ये बसून या प्रकरणाचा अभ्यास करण्याला सबळ कारण आहे. साचॉन येथे हवाई दलाचा तळ आहे आणि केटी-१ तयार करणारा कारखानाही त्याच शहरात आहे. विमान घडते तेथेच त्यावर शिकणारी मुलेही उडतात. नाशिकजवळच्या ओझरचे चित्र अगदी तसेच नसले तरी त्याच्या जवळचे आहे. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझर येथील कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई-३० विमाने तयार झाली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे तेजस मार्क-१एची तिसरी आणि एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. भारतीय हवाई दलासाठी ७० एचटीटी-४० विमाने घेण्याचा सुमारे ६,८०० कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झालेला आहे. केटी-१ आणि एचटीटी-४० ही एकाच वर्गातील विमाने आहेत: टर्बाइनने पंखा फिरवणारे टर्बोप्रॉप इंजिन, खालच्या बाजूला जोडलेले पंख आणि पुढे-मागे बसणारे विद्यार्थी व प्रशिक्षक. भारताने २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस पीसी-७ मार्क-२ची निवड केली, त्या स्पर्धेत केटी-१ हेही एक दावेदार होते. म्हणजे साचॉनला जे विमान कोसळले ते एखाद्या वेळी आपल्याच विद्यार्थ्यांच्या हाती आले असते.

ओझरच्या कारखान्यात आयुष्य घालवलेली काही निवृत्त मंडळी आणि विमान देखभालीचे शिक्षण घेणारी काही मुले यांच्यासमोर हे प्रकरण मी मांडले, तेव्हा पहिला प्रश्न यंत्राचाच आला. इंजिन बंद पडले होते का, नियंत्रणाची केबल अडकली होती का, असे निवृत्त मंडळींनी विचारले. ज्यांनी हयातभर रिव्हेट, हायड्रॉलिकच्या नळ्या आणि तपासणीचे शिक्के सांभाळले, त्यांच्या मनात हाच प्रश्न आधी येणार, आणि तो योग्यही आहे. परंतु कोरियन हवाई दलाच्या चौकशीने बोट ठेवले ते यंत्रावर नव्हे. धडधाकट विमाने, पात्र प्रशिक्षक आणि चालू असलेला नियंत्रण मनोरा असतानाही टक्कर झाली, आणि म्हणूनच घटनाक्रम बारकाईने पाहण्याची गरज आहे.

टक्कर दोन विमानांची झाली असली तरी या घटनेत विमाने तीन होती. त्यांतील दोन विमाने जोडीने, म्हणजे ज्याला वैमानिक ‘फॉर्मेशन’ म्हणतात त्या पद्धतीने, उडत होती. पुढचे विमान म्हणजे लीडर आणि त्याच्या मागे ठरलेल्या अंतरावर राहणारे ते विंगमन. ही जोडी डोळ्यांनी बाहेर पाहून उडण्याच्या नियमांखाली होती. तिसरे विमान त्यांच्या पाठोपाठ उडाले आणि त्याचा सराव वेगळा होता: बाहेरचे क्षितिज न पाहता केवळ समोरच्या उपकरणांच्या आधारे ठरलेल्या मार्गाने जाण्याचा. सोयीसाठी लीडरला ‘अ’, विंगमनला ‘ब’ आणि उपकरणांवर उडणाऱ्या विमानाला ‘क’ म्हणू.

दोन प्रकारचे सराव एकाच धावपट्टीवरून चालतात तेव्हा त्यांचे मार्ग आधीच वेगळे आखलेले असतात. अ आणि ब यांनी आपल्या मार्गाने आणि क ने आपल्या मार्गाने जायचे, एवढ्यावर त्यांचे वेगळेपण टिकून असते. त्या दिवशी जोडीच्या वाटेवर ढग आले. डोळ्यांनी पाहून उडणाऱ्या विमानाने ढगात शिरायचे नसते, त्यातही मागे विंगमन असेल तर मुळीच नाही, कारण ढगात शिरल्या क्षणी विंगमनला लीडर दिसेनासा होतो. त्यामुळे अ ने वळून दुसरी वाट धरली हे वैमानिक म्हणून समजण्यासारखे आहे. किंबहुना तो वळला नसता तर ती अधिक मोठी चूक ठरली असती. परंतु वाट बदलल्याचे नियंत्रण मनोऱ्याला कळवले गेले नाही. मनोऱ्यातील नियंत्रकानेही जोडी ठरलेल्या वाटेवरून ढळल्याची दखल वेळेवर घेऊन इशारा दिला नाही. जोडी क च्या वाटेत आली. अ मधील प्रशिक्षकाला समोर क दिसताच त्याने तातडीने विमान वळवून टक्कर टाळली. त्याच्या मागून येणारा ब मात्र क वर आदळला.

चौकशीच्या निष्कर्षाचा सारांश असा, की वैमानिकांनी समोरच्या आकाशावर पुरेशी नजर ठेवली नाही आणि नियंत्रकाने आवश्यक तेवढी सक्रिय भूमिका घेतली नाही. हा निष्कर्ष चुकीचा नाही. मात्र माझ्या मते तो अर्ध्या वाटेवर थांबतो. ‘लक्ष दिले नाही’ हे वाक्य वाचल्यावर खरा प्रश्न सुरू होतो: त्या क्षणी लक्ष कुठे होते, आणि ते तिथेच असावे अशी व्यवस्था कोणी केली होती?

तीन विमानांतील सहा माणसांच्या नजरा एकेक करून मोजून पाहू. ब मधील विद्यार्थ्याचे काम लीडरकडे पाहत राहणे हेच असते. जोडीने उडताना विंगमनने लीडरवरील नजर काढली, तर अंतर क्षणात वाढते किंवा धोकादायकरीत्या घटते. त्यामुळे त्याला पहिल्या तासापासून शिकवले जाते ते लीडरला सोडू नकोस. म्हणजे त्याने शिकवल्याप्रमाणे काम केले तर त्याला क दिसणे जवळपास अशक्य होते. त्याच्या मागे बसलेला प्रशिक्षक विद्यार्थ्याचे अंतर, वेग आणि हातांची हालचाल यांवर लक्ष ठेवत असतो आणि त्याचीही नजर स्वाभाविकपणे लीडरकडेच वळते. क मधील विद्यार्थ्याचा तर सरावच असा होता, की डोळे समोरच्या तबकड्यांवर खिळलेले असावेत. त्याच्या मागच्या प्रशिक्षकावर दुहेरी भार होता: विद्यार्थी उंची आणि दिशा राखतो की नाही हे पाहणे आणि बाहेरचे आकाश तपासणे. शिवाय मागच्या आसनावरून थेट समोरचा भाग पुढच्या आसनाआड आणि विद्यार्थ्याच्या शिरस्त्राणाआड काही प्रमाणात झाकला जातो; खालचा भाग पंख झाकतात. उरले अ मधील दोघे. त्यांनाही ढग चुकवायचे होते आणि मागच्या विमानाला सोबत घेऊन वळायचे होते. सहांपैकी बाहेरच्या आकाशासाठी खऱ्या अर्थाने मोकळ्या असलेल्या नजरा फार तर दोन, आणि त्याही पूर्णपणे मोकळ्या नव्हेत. अ च्या प्रशिक्षकाने क ला पाहिले हीच मला या सगळ्यात विशेष वाटणारी गोष्ट आहे. त्याने आपले विमान वाचवले, पण लीडरने अचानक घेतलेले वळण विंगमनला कळून त्याने त्याप्रमाणे वळेपर्यंत काही क्षण जातातच, आणि त्या अंतरात उरलेली वेळ संपली.

‘पाहा आणि टाळा’ हे डोळ्यांनी उडण्याच्या पद्धतीचे मूळ सूत्र आहे. ते किती भार पेलू शकते, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पत्रकात दुसरे विमान नजरेस पडल्यापासून आपले विमान प्रत्यक्ष वळू लागेपर्यंत लागणारा वेळ १२.५ सेकंद धरला आहे. त्यात टक्कर होणार आहे हे उमगायला ५ सेकंद, डावीकडे वळायचे की उजवीकडे हे ठरवायला ४ सेकंद आणि नियंत्रणाची दांडी हलल्यानंतर विमानाने प्रतिसाद द्यायला २ सेकंद आहेत. उरलेला वेळ दिसण्यात, ओळखण्यात आणि स्नायूंच्या हालचालीत जातो. आता समजा, ताशी ३०० किलोमीटर वेगाने दोन प्रशिक्षण विमाने समोरासमोर येत आहेत. हे आकडे साचॉनच्या अपघाताचे नाहीत, केवळ कल्पना यावी म्हणून घेतले आहेत. दोघांमधील अंतर सेकंदाला सुमारे १६७ मीटरने घटेल आणि १२.५ सेकंदांत ती सुमारे २,१०० मीटर जवळ येतील. म्हणजे दोन किलोमीटरहून अधिक अंतरावर असतानाच समोरचे विमान दिसायला हवे. केटी-१च्या पंखांचा पसारा साधारण साडेदहा मीटर आहे. दोन किलोमीटरवरून तो पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहून थोडा अधिक रुंद दिसेल आणि पंख समोरून पाहताना बारीक रेघेसारखे असल्यामुळे डोळ्यांना खरे सापडायचे ते धड, जे चंद्राच्या रुंदीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढेच असते. ढगाळ पार्श्वभूमीवर एवढासा ठिपका शोधायचा असतो.

विमाने समोरासमोर नसून तिरक्या मार्गांनी एकाच बिंदूकडे येत असली, तर जवळ येण्याचा वेग कमी होतो आणि वेळ थोडा वाढतो. पण एक वेगळी अडचण उभी राहते. टकरीच्या मार्गावर असलेले दुसरे विमान काचेवर जागच्या जागी स्थिर दिसते. ते सरकत नाही, फक्त हळूहळू मोठे होत जाते, आणि तेही शेवटच्या काही सेकंदांत झपाट्याने. माणसाच्या डोळ्याला हलणारी वस्तू चटकन सापडते आणि स्थिर वस्तू सापडत नाही. जे विमान काचेवरून सरकत जाते त्याच्याशी सहसा टक्कर होत नाही. ज्याच्याशी होणार आहे ते नेमके स्थिर असते आणि कॉकपिटच्या चौकटीआड आले, तर तेथेच लपून राहते. म्हणूनच वैमानिकांना डोळे एका जागी खिळवू नका, डोके हलवत आकाशाचे तुकडे तपासत राहा, असे शिकवले जाते. ही सवय अमूल्य आहे. मात्र तिच्यावर दोन विमानांचे वेगळेपण टांगून ठेवणे म्हणजे मानवी डोळ्यांकडून त्यांच्या क्षमतेपलीकडचे काम मागणे आहे.

म्हणून या प्रकरणातील निर्णायक क्षण शेवटच्या काही सेकंदांत नाही, त्याच्याही आधी आहे. अ ने ढग पाहून वाट बदलली आणि त्या वेळी रेडिओवर एक वाक्य बोलले गेले नाही, तोच हा क्षण. ‘ढगांमुळे डावीकडे वळत आहोत’ एवढे कळवले असते, तर नियंत्रकाला क ची आठवण होण्याची संधी होती; क च्या प्रशिक्षकानेही ते ऐकले असते आणि कोणत्या बाजूला पाहायचे हे त्याला कळले असते. कोणत्या दिशेला पाहायचे हे ठाऊक असलेला वैमानिक आणि ठाऊक नसलेला वैमानिक यांच्या दृष्टीत फार मोठा फरक असतो. रेडिओवरील ते वाक्य केवळ शिष्टाचाराचा भाग नाही. एका विमानाची माहिती दुसऱ्या विमानाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचवण्याचा तो मार्ग आहे.

नियंत्रकाच्या बाजूनेही विचार करायला हवा. प्रशिक्षण तळावर एका वेळी अनेक विमाने वर असतात, त्यांतील बरीचशी नवशिक्यांच्या हाती असतात आणि लहानसहान विचलने सतत होत असतात. जो नियंत्रक प्रत्येक विचलनावर बोलत राहील, तो रेडिओ अडवून ठेवेल. म्हणून काय सोडून द्यायचे आणि कशावर बोलायचे याची त्याला सवय लागते, आणि ती सवय बहुतेक दिवस योग्यच ठरते. याखेरीज जोडीने उडताना ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला आपली ओळख आणि उंची कळवणारे उपकरण, सहसा फक्त लीडरचे चालू ठेवले जाते, जेणेकरून पडद्यावर दोन चिन्हे एकमेकांवर चढून गोंधळ होऊ नये. ही जगभरची सर्वसाधारण पद्धत आहे. तिचा अर्थ असा, की पडद्यावर जोडी एका ठिपक्यासारखी दिसते आणि त्या ठिपक्यामागे आणखी एक विमान आहे हे नियंत्रकाला स्वतःच्या लक्षात ठेवावे लागते.

येथे एका मुलाने चांगला प्रश्न विचारला: प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा असते, मग या विमानांत ती का नको? भारताला ही यंत्रणा किती मोलाची आहे हे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांच्या टकरीत ३४९ माणसे गेली तेव्हा कळले, आणि त्यानंतर आपल्याकडे प्रवासी विमानांसाठी ती सक्तीची झाली. परंतु ही यंत्रणा ट्रान्सपाँडरच्या उत्तरांवर चालते. जोडीने उडताना आणि धावपट्टीभोवती गर्दी असताना ती सतत किंचाळत राहते आणि काही दिवसांनी माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात. प्रशिक्षण विमानांसाठी साधी, केवळ ‘जवळ कोणीतरी आहे’ एवढेच दाखवणारी उपकरणे उपलब्ध आहेत आणि ती बसवावीत या मताचा मी ठाम पुरस्कर्ता आहे. मात्र विंगमनचे ट्रान्सपाँडर बंद असेल, तर अशा उपकरणालाही तो दिसणार नाही, हे उपकरण विकत घेण्यापूर्वीच ठरवून घ्यावे लागेल.

याच केटी-१ विमानांची आणखी एक टक्कर तुलनेसाठी उपयोगी आहे. मार्च २०१५ मध्ये मलेशियातील लंगकावी येथे इंडोनेशियाच्या हवाई कसरती पथकाची दोन केटी-१बी विमाने सरावात एकमेकांना धडकली. चारही वैमानिक आसनांसह बाहेर पडून वाचले. आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, बंगळुरूच्या हवाई प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, येलहंका येथे सूर्यकिरण पथकाच्या दोन हॉक विमानांची टक्कर झाली. एक वैमानिक गेला आणि दोघे वाचले. या दोन्ही घटनांत आदळलेली विमाने एकमेकांच्या अस्तित्वाची पूर्ण जाणीव असलेली, ठरवून जवळ आलेली होती. साचॉनचा प्रकार वेगळा आहे. तेथे क आपल्या वाटेत आहे हे ब ला ठाऊक नव्हते आणि टकरीनंतर सावरायला वेळ किंवा उंची पुरली नाही. ओळखीच्या विमानांची टक्कर आणि अनोळखी विमानांची टक्कर यांची कारणे निरनिराळी असतात, म्हणून उपायही निरनिराळे हवेत. पहिल्या प्रकारात कौशल्य आणि अंतर यांवर काम करावे लागते, दुसऱ्या प्रकारात माहितीवर.

आता नाशिकविषयी. निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्यांना विमान कोसळणे म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही; २७ जून २०१८ आणि ४ जून २०२४ या दोन्ही दिवशी चाचणीवर असलेली सुखोई-३० विमाने या तालुक्यात कोसळली आणि दोन्ही वेळा वैमानिक सुदैवाने वाचले. त्या घटना टकरीच्या नव्हत्या, पण ओझरभोवतीच्या द्राक्षबागांवरून काय काय उडते याची जाणीव त्यांनी पक्की केली. ओझरच्या एकाच धावपट्टीवरून लढाऊ विमानांच्या चाचण्या होतात आणि प्रवासी विमानेही येतात-जातात. नाशिक रोडजवळच्या गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते आणि देवळालीला तोफखान्याचे केंद्र आहे. एचटीटी-४० वर शिकणारे विद्यार्थी प्रामुख्याने हैदराबादजवळील दुंडिगल येथे उडणार असले, तरी कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक विमानाची चाचणी येथील आकाशात व्हायची आहे. वेगळ्या वेगाची, वेगळ्या हेतूने उडणारी आणि वेगळ्या यंत्रणांना उत्तर देणारी विमाने एकाच परिसरात असणे, हेच साचॉनच्या प्रकरणाचे मूळ आहे, आणि तीच स्थिती जिल्ह्याच्या आकाशात रोज असते.

चर्चेच्या शेवटी देखभालीच्या विद्यार्थ्यांकडून मी एक काम करून घेतले. त्यांनी तिन्ही विमानांचे मार्ग कागदावर काढले आणि प्रत्येक अर्ध्या मिनिटाला कोणाला काय ठाऊक होते हे त्या मार्गांवर लिहिले. प्रत्येकाच्या कागदावर एकच जागा मोकळी राहिली: अ च्या वळणानंतर ब, क आणि मनोरा या तिघांसमोरचे रकाने. निवृत्त मंडळींपैकी एका काकांनी ते कागद पाहिले आणि विचारले, की कारखान्यात एका पाळीचे काम दुसऱ्या पाळीकडे सोपवताना अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद सहीनिशी करावी लागते, ती नसेल तर विमान पुढे सरकत नाही. तशी सक्ती वाट बदलताना का नाही? नियमांच्या पुस्तकात ती आहे, असे मी सांगितले. त्यावर त्यांचे म्हणणे होते, की पुस्तकातील नियम आणि न सांगता पुढे जाताच न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उड्डाणापूर्वीच्या सूचनांमध्ये ‘ढग आला तर कुठे वळायचे आणि वळण्याआधी कोणाला सांगायचे’ हे प्रत्येक वेळी विद्यार्थ्याच्या तोंडून म्हणवून घ्यावे, वाट बदललेल्या जोडीला मनोऱ्याचे प्रत्युत्तर मिळेपर्यंत दुसऱ्या प्रकारच्या सरावाचे विमान धावपट्टीवर रोखून धरावे, आणि आधीच वर असलेल्या विमानाला जोडीची नवी दिशा नावानिशी कळवावी, असे तीन बदल त्या दिवशी सर्वांच्या संमतीने कागदावर उतरले. त्यांतील दुसऱ्या बदलाने दिवसभरात होणारी उड्डाणे कमी होतील, ही हरकतही त्याच कागदावर नोंदवली आहे. माझे मत त्या बदलाच्या बाजूने आहे.